मशीन थांबलं की सम्यक उठतो

९ जानेवारी

तक्रार अर्ज. मी, खाली सही करणारी, वय पन्नाशीकडे कललेलं, या घरात आत्या या पदावर विनावेतन रुजू, नम्रपणे नोंदवते की आजही मला कोरा चहा प्यावा लागला. दूध सांत्वनाला आलेल्या मंडळींनी संपवलं. बाजाराचा दिवस. माया वहिनीला जाऊन तीन महिने होत आले, पण कोणी मुद्दाम खेप करून येत नाही. बाजाराला आलं की मेथी, कांदे आणि आमचं दुःख, तिन्ही एकाच फेरीत उरकतात. रडताना एक हात डोळ्याला, दुसरा पिशवीवर. आमची शेळी पिशवीत तोंड घालते, हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे.

अर्ज फाडला. स्वीकारणारी अधिकारीही मीच निघाले.

सम्यकचं एक गणित चार वेळा मोडलं. प्रत्येक बाई त्याला छातीशी ओढते. "बाप्पा, तुही माय गेली रे." जसं काही त्याला कळवायचं राहून गेलं होतं. तो पेन्सिल तशीच उभी धरून छातीशी लागतो, सुटतो, पुन्हा बसतो. सत्तावीस गुणिले चार. अजून तिथंच आहे.

११ जानेवारी

शाळेचे मोठे गुरुजी आले. चहा नको म्हणाले. (चांगला माणूस.) "नाव पटावरून काढत नाई. दोघंईले घरी शिकवा. वार्षिक परीक्षेले तेवढं आना."

दोघं म्हणजे तिसरीतला सम्यक आणि सातवीतली प्रज्ञा. वहिनीला ताप चढला त्या सकाळी सम्यक जायला तयार नव्हता. तिनंच डबा हातात दिला, "जाऊन ये" म्हणाली. तो परत आला तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. तेव्हापासून शाळा बंद. भास्करनं, माझ्या भावानं, दोनदा जीपमध्ये घालून फाटकावर सोडला. दोन्ही वेळा पोरगा जीपच्या आधी घरी.

प्रज्ञाला मात्र कोणी अडवलं नव्हतं. तिला "लहान्याजवळ कोणीतरी पाह्यजे" म्हणून ठेवून घेतलं. कोणी ठेवून घेतलं? कोणीच नाही. या घरात निर्णय कोणी घेत नाही, ते रांजणातल्या गाळासारखे आपोआप तळाला बसतात.

मीही तशीच बसलेली. अकोल्याच्या छापखान्यात लोकांच्या चुका शोधून पोट भरत होते, आठवड्याला एक टवाळ सदर लिहीत होते. वहिनीच्या पुण्यानुमोदनाच्या विधीपुरती आले. एक बॅग आणली होती.

१४ जानेवारी

भा.नं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मुलांचं लक्ष अभ्यासात टिकवण्याचे उपाय. फार हसरी बाई. अभ्यासाची जागा प्रसन्न ठेवा. जवळ एक हिरवं रोप ठेवा. थोडा अभ्यास, थोडी विश्रांती. मुलाला रंगीत चांदण्या द्या.

जागा: चूल, धान्याची कोठी, वहिनीचं शिवणाचं पायमशीन, त्यावर टाकलेली चादर, यांच्या मधली चटई. रोप: शेळीनं खाल्लं. विश्रांती: चांगली जमते. चांदण्या: प्र.नं जुन्या लग्नपत्रिकांतून कापून दिल्या, स.नं सगळ्या घेतल्या, ओळीनं लावल्या आणि पुन्हा माझ्याकडं बघत बसला.

१९ जानेवारी

मुद्दा हाच. तो पुस्तकाकडं बघत नाही, माझ्याकडं बघतो. तोंडाकडंही नाही, पोटाकडं. माझं पोट हे काही प्रेक्षणीय स्थळ नाही, तसं त्याला सांगितलंही. हसला नाही.

प्र.ला एक धडा वाचायला सांगितला की ती वाचते, संपवते, प्रश्न सोडवते, पुढचा धडा काढते. तिच्याबद्दल इथं लिहायला काही मिळत नाही.

२३ जानेवारी

दुपारी जरा आडवी झाले होते. नाकाशी काहीतरी. डोळे उघडले तर स.चा तळहात. श्वास लागतो का बघत होता.

"काय करून राह्यला रे?"

"काई नाई. तू झोपली होती."

मग पोटाचाही उलगडा झाला. वर-खाली होतं की नाही, ते. तीन महिने मी या पोराला लक्ष नाही म्हणून बोलत होते. लक्ष आहे. अख्खं आहे. फक्त गुणाकाराला त्यातलं काही उरत नाही.

२५ जानेवारी

भा.ला सांगितलं. तो जीप पुसत होता. कामरगाव ते कारंजा दिवसभर माणसं कोंबून आणतो-नेतो आणि संध्याकाळी ती जीप अशी पुसतो की जणू उद्या तिला बघायला पाहुणे येणार आहेत. बराच वेळ काच पुसून म्हणाला, "मायाही तशीच झोपली होती ना, ताई. शाळेतून येऊन पोट्ट्यानं हालवली होती तिले." हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

२ फेब्रुवारी

शोध लागला. अपघातानंच.

उशांचे अभ्रे उसवले होते. मशीनवरची चादर काढली, बसले. मला शिवण बेताची येते. स. चटईवर, माझ्याकडं पाठ. दोन अभ्रे झाले आणि लक्षात आलं, त्यानं मान वळवली नाही. पानभर गणितं झाली होती. दोन चुकली होती, पण झाली होती. सगळी एका बैठकीत. दोरा तुटला म्हणून पाय थांबवला तर लगेच मान वळली. पुन्हा पाय चालवला. मान खाली.

आवाज चालू आहे म्हणजे आत्या चालू आहे. बघायची गरज नाही.

हसऱ्या बाईला पत्र लिहावंसं वाटलं.

६ फेब्रुवारी

अभ्रे संपले. पडदे संपले. भा.च्या शर्टाला नसलेली फाट काढून शिवली. आज शेवटी दोरा काढला, सुई काढली, नुसतं रिकामं मशीन चालवलं. स.नं विचारलं नाही. त्याला शिवणीशी देणंघेणं नाही.

पाय भरून येतात. सकाळी मराठी, चहा, मग गणित. छापखान्यात असताना मशीनचा आवाज नको म्हणून मालकाशी भांडले होते.

१३ फेब्रुवारी

बाजार. रुख्मा मावशी आल्या. या वहिनीच्या सख्ख्या मावशी. दर बाजाराला येतात, रडण्यात नियमित. जयभीम झाला, बसल्या. मी पाय थांबवला नाही, स. भागाकारात होता.

"काय शिवून राह्यली वं?"

"काही नाही मावशी. हवा."

"दोरा तं दिसत नाई."

"हवेला कशाला दोरा?"

मावशी थोडा वेळ चाकाकडं बघत राहिल्या. "माह्या पोरीच्या मशीनवर बसली तू. तिचा पाय निंघाला आन तुहा ठेवला. एखांदं वर्स तं थांबाव माय."

मी पाय चालू ठेवला. स.चा भागाकार बरोबर आला. मावशी चहा न घेता गेल्या. दूध शिल्लक राहिलं, आणि माझ्यानं प्यायलं गेलं नाही.

२० फेब्रुवारी

मावशींनी बाजारात सांगितलं, भास्करच्या बहिणीचं डोकं फिरलं. परिणाम: आज सांत्वनाला नेहमीच्या दुप्पट माणसं. बायका दारात उभ्या राहून रिकामं मशीन बघत होत्या. एकीनं सोबत नातू आणला होता. स.नं या गर्दीत अख्खा पाठ वाचून काढला. कोणी छातीशी ओढलं नाही, माझीच भीती वाटली असेल. वेडाचा एवढा शैक्षणिक उपयोग मी आधी पाहिला नव्हता.

प्र. दिसली नाही. विचारलं तर म्हणाली, मागं होते.

२४ फेब्रुवारी

मागं म्हणजे गोठ्यामागं, उभ्या केलेल्या बैलगाडीत. आज बघून आले. पुस्तक मांडीवर, दोन्ही कानांत कापूस.

"काहून इथं बसली?"

"अंदर आवाज येते."

"मोठा येतो का गं?"

मग कापूस काढला, बोटांत फिरवत राहिली. "तू मशीन चालवते ना आत्या, तं मले वाटते आई अंदर हाये. दर टायमाले वाटते. मंग अंदर येते तं तू."

एवढंच. पुन्हा कापूस घातला.

२५ फेब्रुवारी

मशीन बंद. चादर टाकली.

स. दिवसभर माझ्या पोटाकडं. एक ओळ झाली नाही. जेवताना माझा घास अडकला, खोकले, तर ताट सांडून उठला.

२७ फेब्रुवारी

मशीन चालू. सकाळीच, प्र. नदीवर धुणं घेऊन गेली तेवढा वेळ. मग बंद. तिला कळलं. चादरीची घडी वेगळी पडली होती, तिनं ती पहिल्यासारखी केली.

एकाचं ज्यानं लक्ष लागतं त्यानंच दुसरीचं उडतं, आणि दोघं एकाच घरात शिकतात. हसऱ्या बाईच्या यादीत हे नव्हतं. भा.ला विचारलं, काय करू. म्हणाला, "तुमी जे करसान ते." तोही आजकाल जीपमध्येच जेवतो, डबा मागतो. मी कारण विचारलं नाही. त्याच्याही कानाला तोच आवाज आहे.

४ मार्च

प्र. आपणहून मशीनवर बसली. मी धान्य निवडत होते, स. चटईवर. म्हणाली, "मी चालवते, तू बस. पाय दुखतात तुहे." तोंड अगदी कोरं. चालवू लागली. अगदी वहिनीसारखं, एका लयीत, माझ्यासारखं अडखळत नाही.

स. लगेच उठून आला. "हा आत्याचा पाय नोय."

प्र. उतरली. बाहेर गेली. मला वाटतं तिनं माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी करून बघितलं होतं. आपणच चालवलं तर आई आत आहे असं वाटणार नाही, असं काहीतरी. विचारायला हवं होतं. चुलीवर भाजी लागत होती.

१० मार्च

अशोकमामा आले, वहिनीचे भाऊ. अकोल्याला नोकरी, स्वतःची गाडी, बोलणं मुद्द्याचं. नेमकं आजच मशीनचा पट्टा तुटला. स. परिसर अभ्यासात होता. फाट्दिशी आवाज, मग काहीच नाही. मी खाली वाकले होते, त्याला दिसले नसेन. तो ओरडला नाही. चटईवरच ताठ झाला, अंग कापत होतं, खाली ओलं झालं. मी "हाये मी, हाये" म्हणत होते तरी त्याला ऐकू जात नव्हतं. तोंड धरून माझ्या पोटावर दाबलं तेव्हा सुटला.

मामा दारात उभे. सगळं पाहिलं.

नंतर अंगणात, भा. समोर: "ताई, मी तुमाले दोष देत नाई. पण हे शिक्षण नोय. पोरगं बिमार हाये आन तुमी त्याले मशीनले बांधलं."

"मग काय करू म्हणता?"

"अकोल्याले होस्टेल हाये, वळखीचं. जूनले टाकू. रडन आठ दिवस, मंग लागन सवय."

मी म्हणाले, आठ दिवसांत तो काय होईल ते आत्ता पाहिलं ना तुम्ही. मामा म्हणाले, त्याच्यासाठीच तं. दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण वाढलं. शेवटी ठरलं ते असं: वार्षिक परीक्षेला स. शाळेत जाऊन वर्गात बसला, पेपर लिहिले, तर इथं राहील. नाही बसला तर जूनमध्ये अकोला. आधी डॉक्टरलाही दाखवायचं.

१६ मार्च

वाशिमला डॉक्टर. तपासलं, झटके नाहीत म्हणाले. भीती आहे. वेळ लागेल. मोठ्या शहरात मुलांच्या मनाचा डॉक्टर असतो, त्याला दाखवा. दाखवायला स.ला तिथवर न्यायला हवा, आणि जीपमध्ये त्यानं सगळा रस्ता माझा हात असा धरला होता की बोटं काळीनिळी. भा. गाडी चालवताना आरशातून मागं बघत होता. त्याच्याकडं नाही, माझ्याकडं. आता तोही मोजतो वाटतं श्वास.

२० मार्च

पट्टा नवा आणला नाही. मशीन शाळेत नेता येणार नाही, तर त्याची सवय कशाला. आजपासून सूप. तांदूळ पाखडते. आवाज लहान, त्यामुळं स. जास्त वेळा मान वळवतो, पण वळवून परत जातो. गव्हाचा आवाज चांगला, ज्वारीचा त्याहून. कुठल्या धान्यावर तिसरीचं कुठलं पुस्तक पुढं जातं, यावर शासनानं समिती नेमायला हरकत नाही.

प्र. घरात येऊन बसली. कापूस नाही. पहिल्यांदाच.

२८ मार्च

बरं चाललंय. लिहायची भीती वाटते. मी सूप घेऊन अंगणात, तो आत. मी गोठ्याशी, तो आत. उठून येतो, दारातून बघतो, जातो. "हाये ना?" "हाये." एवढं पुरतं.

प्र.नं आज विचारलं, "आत्या, बीजगणितातलं हे येते का तुले?" मी म्हणाले, थांब जरा, ह्याचं एक पान होऊ दे. पान होईपर्यंत तिचं तिनं सोडवलं होतं.

४ एप्रिल

मोठ्या गुरुजींना भेटले. मी तोंड उघडायच्या आत, "मशीन नाई आनता येत बाई, परीक्षा हाये." गावानं बातमी पोचवलेली. मी म्हणाले, फक्त सूप. ते हसले, मग माझं तोंड बघून थांबले. तिसरीच्या खिडकीला लागून खिचडीची खोली आहे. सुमनबाई तिथं पोरांची खिचडी शिजवतात. त्यांचेच तांदूळ पाखडत बसा म्हणाले.

सुमनबाई: "बसा ना. माही मेहनत वाचन."

८ एप्रिल

पहिला पेपर, मराठी. दोघांचा एकाच वेळी.

फाटकापर्यंत नीट. फाटकात पाय रोवले. प्र.नं त्याची पिशवी घेतली, "चाल, मी हाये ना अंदर. आन आत्या खिडकीत हाये." ओढला नाही त्याला. पुढं चालायला लागली. तो गेला.

मग मी आणि सूप. एकच ताटभर तांदूळ, पाखडून झालेला, पुन्हा सुपात, पुन्हा पाखडला. खडा नाही, कोंडा नाही, काही नाही, नुसता आवाज. सुमनबाई तेल तापवता तापवता बघत होत्या. "बाई, त्या तांदळानं काय पाप केलं?"

खिडकीत त्याचं तोंड आलं. बघितलं. गेलं. पुन्हा आलं. त्यानंतर बराच वेळ आलं नाही आणि मी इतकी घाबरले की सूप थांबलं. लगेच तोंड खिडकीत. बिचारा लिहीत होता. मी पुन्हा चालू.

पेपर दिला. शेवटचा प्रश्न राहिला, पण दिला. गुरुजींनी बाहेर येऊन मान हलवली. भा. फाटकावर जीप घेऊन उभा, मागं प्रवासी ओरडत होते. त्यानं स.ला उचलून बोनेटवर बसवलं.

घरी आल्यावर प्र.नं चहा टाकला. स.चा पेपर पुन्हा पुन्हा ऐकला आम्ही, कुठला प्रश्न, काय लिहिलं. तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की प्र.चाही पेपर होता. तोपर्यंत ती भांडी घासायला बाहेर गेली होती.

९ एप्रिल

सुट्टी, पेपर नाही. मामांचा फोन. मी उचलला.

"बसला म्हने पोट्टा. मंग मी शब्द मोडत नाई, राहू द्या त्याले." मग: "पन प्रज्ञाचा फोन आलता मले काल. मुलीईचं होस्टेल हाये का इचारत होती."

कधी केला फोन? भांडी घासताना. माझा मोबाइल तिच्याजवळच होता.

तिला गोठ्यामागं गाठलं.

"का गं?"

"तिथं घंटी झाली का सारे चूप बसतात म्हने. आपापलं वाचतात."

"मी आता मशीन लावत नाही. मोडलंय ते."

"ते नोय आत्या." मग बैलगाडीच्या चाकाकडं बघत: "तू सूप वाजवते तवाई मी आयकत राह्यते. थांबलं का मलेई धडकी भरते. मी वाचत असते तरी माहं ध्यान तिथंच राह्यते. मले कुठीतरी बसून नुसतं वाचाचं हाये."

तिच्याकडं लक्ष दिलं नव्हतं, कारण तिचं लक्ष लागत होतं. असं मला वाटत होतं.

"आन सम्यक?"

"त्याले तू हायेस ना."

भा.ला सांगितलं. जीपच्या पायरीवर बसला. "दोघंईपैकी एक जाईनच, असंच होतं का हे?" म्हणाला. कोणाला विचारत होता कोण जाणे. मामा रविवारी येणार. ट्रंक माळ्यावरच आहे, कोणी काढली नाही. प्र.नं एकदा तिकडं बघितलं. स.ला अजून माहीत नाही. तिच्या हातून जेवला, शेजारीच झोपला.

मी तिला म्हणाले, उद्या गणित झालं की तुझा पेपर आधी ऐकीन. "आयकजो," म्हणाली. विश्वास ठेवून नाही, समजूत काढल्यासारखं.

१० एप्रिल

गणिताचा पेपर. पोरांना फाटकाशी सोडलं. आज स. थांबला नाही, प्र.च्या मागोमाग गेला, मी सुमनबाईंच्या आधी खोलीत पोचले. परवा तोच तो ताटभर तांदूळ पाखडून पाखडून त्याची कणी झाली होती. पोरांना घशाखाली उतरला नसता, सुमनबाईंनी कोंबड्यांना टाकला. शाळेचा तांदूळ, मोजून येतो, तूट सुमनबाईंच्या नावावर.

घरून पदराखाली तेवढाच आणला होता. शाळेच्या गोणीत ओतला. वरून तळहातानं सपाट केला, आमचा आणि शाळेचा वेगळा दिसणार नाही इतका. गोणीचं तोंड होतं तसं बांधलं आणि घंटा व्हायच्या आत सूप घेऊन खिडकीखाली बसले.